दत्तूनाना आणि म्हातारे कंडेन्सर

दत्तूनाना आमच्या घरी येतात ते आधी नाकानं. उंबऱ्यातच थांबून दोनदा हुंगतात. आई म्हणते, "फोडणी दिलीय हो नाना." नाना म्हणतात, "फोडणी न्हाई वैनी, कंडेन्सर जळायलाय." आणि लगेच आमच्या जुन्या टेपडेकचे स्क्रू खोलायला बसतात.

एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाल्यापासून नानांना हा एकच नाद. जुन्या रेडिओत, डेकमध्ये विजेची वायर आत शिरते तिथं एक सेफ्टीचा कंडेन्सर असतो. तो म्हातारा होऊन बिघडला की पत्र्याच्या बॉडीत करंट उतरतो. नाना नवा बसवतात आणि जुन्याला तळहातावर घेऊन म्हणतात, "लय नोकरी केली बाबा. व्हा आता रिटायर." जिंतुरात त्यांना बोलवावं लागत नाही. हाकलावं मात्र लागतं.

चारठाण्याला माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर त्यांनी कहरच केला. मंगलाष्टकाचं शेवटचं कडवं बाकी, भटजींच्या हातात लोखंडी माइक, आणि मंडपवाल्याचा अ‍ॅम्प्लिफायर बाबा आदमच्या काळातला. नानांनी सरळ पिन उपटली. आवाज बंद झाला तसं मागच्यांना वाटलं, लागलं लग्न! अक्षता उधळल्या, बँड सुटला, अर्धा मंडप पंगतीला बसला. नवरानवरी हार हातात धरून उभेच.

नवऱ्याचे मामा धावून आले. "अवो, मुहूर्त टळायलाय!"

"टळू द्या. भटजीला करंट बसला तर दुसरा भटजी कुठून आणताव?"

हे ऐकताच भटजींनी माइक असा फेकला, की तो मामांच्या फेट्यात जाऊन बसला.

परवा लग्नाचे फोटो दाखवायला नानांकडे गेलो. हाका मारल्या, पण आत भजनाची टेप इतक्या जोरात, की कुणाला काही ऐकू जाईना. आत डोकावलो. काकूंचे, म्हणजे नानांच्या बायकोचे, दोन्ही कान गेल्या साली पार गेलेत. त्या डोळे मिटून, पत्र्याच्या डेकवर दोन्ही तळवे टेकवून डोलत होत्या.

शेजारी बसलेले नाना मला बघून मोठ्यानं म्हणाले, "कान गेले, आता हातानं ऐकती. त्या हाताला जपाय नको का?"

मला हसावं की रडावं कळेना. नानांनी टेप थांबवली, डेकला जोडलेला माइक तोंडाशी धरला, माझ्याकडं जराशी पाठ केली आणि हळूच म्हणाले, "जेवलीस का गं?"

काकूंच्या तळव्यांखाली पत्रा थरथरला. शब्द कळले असतील की नाही, देव जाणे. पण काकू हात न उचलता हसल्या.

"बोला की. हाय मी हितंच."