लोनप्पनच्या दोहाच्या खेपा

"पाच वर्षांखालचं मूल एकटं उडत नाही, लोनप्पनचेट्टा. त्याच्या तिकिटाबरोबर एक मोठं माणूस लागतं. नियमच आहे," ट्रॅव्हलवाला बिनोय म्हणाला. आमच्याकडे चेट्टा म्हणजे दादा.

"मग ते माणूस मी!" लोनप्पनने छाती पुढे काढली.

केरळातल्या इरिंजालकुडाच्या कौलांच्या कारखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस जन्मात विमानात बसलेला नव्हता. पण दोहात नर्स असलेल्या त्याच्या लेकीला आणि जावयाला रजा नव्हती, बायको एलिक्कुट्टीचे गुडघे धरलेले होते, आणि नात एव्लिन पाचाला दीड महिना कमी होती. तिने आजोबांना पाहिलं ते दोन वर्षांची असताना. आता सुट्टीचे दोन महिने ती येणार होती. तिला तळ्यात पोहायला शिकवायचं आणि जत्रेत खांद्यावर बसवून बँडवाल्यांच्या मागे हिंडायचं, असे बेत म्हातारा महिनाभर रचत होता.

बिनोयने हिशेब मांडला. आणायला जाताना लोनप्पन एकटा, येताना नात. सोडायला जाताना नात, येताना पुन्हा एकटा. सरळ मामला.

बिघडवला तो एलिक्कुट्टीने. रविवारची मासची प्रार्थना संपल्यावर ती चर्चच्या पायरीवर सहज बोलून गेली, "आमचे हे दोहाला निघालेत. रिकामेच."

अरे देवा! आमच्याकडे आखाती देशात रिकामं जाणं म्हणजे पाप. कुणी निघालं की अख्खी गल्ली लोणच्याच्या बरण्या आणि फणसाचे चिप्स घेऊन दारात उभी राहते, आणि नाही म्हणणाऱ्याचं नाव पुढच्या पिढीपर्यंत निघतं. पण लोनप्पनच्या दारात समोरची त्रेस्या आली ती बरणी घेऊन नव्हे, तीन वर्षांच्या नातवाला घेऊन.

"याला त्याच्या आईकडे पोचवा. तुमचं तिकीट आम्हीच काढू. तुम्ही जाताय तर खरंच!"

"जातायत की," एलिक्कुट्टीने आतूनच सांगून टाकलं.

तर डॉन नावाचं ते कार्टं चार तास लोनप्पनच्या मिशा ओढत दोहाला पोचलं. येताना एव्लिन होती. लोनप्पनने तिच्यासाठी सात गोष्टी पाठ केल्या होत्या. पोरगी विमान हलायच्या आत झोपली ती कोचीला सामानाच्या पट्ट्यापाशी जागी झाली.

"उद्यापासून पोहायचं हं!" लोनप्पन म्हणाला.

उद्या उजाडला आणि त्रेस्या आली. "डॉनची सुट्टी पंधराच दिवसांची. आणायला कधी निघताय?"

"मी? का म्हणून?"

"नेलंत तुम्ही. मग आणणार कोण, बिशप?"

आणायला जायचं म्हणजे जाताना पुन्हा रिकामं! हे गल्लीतल्या पायलीच्या कानावर गेलं आणि त्याने आपल्या दोन जुळ्या नाती आणून ठेवल्या. त्या जुळ्या तीन आठवड्यांनी परत येणार. म्हणजे आणखी एक खेप, आणि त्या खेपेला जाताना पुन्हा जागा मोकळी. ती कुरियनच्या पणतूने भरली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात ना, इथे तर गल्लीभरचे व्याही एकेक शिंगरू धाडत होते.

लोनप्पन बिनोयच्या डोक्यावर जाऊन बसला. "हे थांबणार कधी रे?"

बिनोयने कागदावर बाण काढले, खोडले, पुन्हा काढले. "चेट्टा, परत न येणारं मूल मिळालं तरच साखळी तुटेल."

"मग सगळ्यांना एकाच तारखेला आण ना!"

"एका मोठ्या माणसामागे दोनच छोटी. तिसऱ्याला तिकिटाचं यंत्रच घेत नाही. तुम्हाला जुळं भावंड असतं तर सोपं झालं असतं."

"आत्ता कुठून आणू जुळं भावंड?"

"नाही, आपलं सुचलं ते सांगितलं."

मधल्या काळात लोनप्पन घरी असायचा तो मुख्यतः झोपायला. एकदा बॅग ठेवून तो थेट तळ्यावर गेला, तर एव्लिन माशासारखी पाणी कापत होती. एलिक्कुट्टीचा भाऊ काठावर उभा राहून "शाब्बास!" म्हणत होता. लोनप्पनला इतकं वाईट वाटलं की त्या रात्री तो मेव्हण्याशी एक शब्द बोलला नाही. जत्रेच्या दिवशी तो दोहाच्या विमानतळावर कुणाच्या तरी पोराची हरवलेली चप्पल शोधत होता.

ऑगस्ट संपत आला. आता एव्लिनला पोचवायची खेप. ही तरी आपली, म्हणून लोनप्पनने गोष्टींची उजळणी केली आणि तिकिटं आणायला गेला. बिनोय नजर चुकवू लागला.

"चेट्टा, तुमच्याबरोबर दोन पोरं आहेत. तुमच्या गल्लीतल्या देवस्सीची."

"आणि माझी नात?"

"ती स्वातंत्र्यदिनालाच पाचाची झाली ना! आता कंपनी स्वतः नेते. गळ्यात ओळखपत्र घालून हवाईसुंदरीच्या ताब्यात. विमान तेच आहे, काळजी नको."

लोनप्पन तरातरा घरी आला. "एली, देवस्सीला हो कुणी म्हटलं?"

"मी. अहो, लोकांची पोरं अर्ध्यावर कशी टाकायची? आपली काय, घरचीच आहे."

विमानात एव्लिन पहिल्या रांगेत आणि लोनप्पन चोविसाव्या रांगेत, दोन्ही बाजूंना देवस्सीची एकेक नात. दोघी पेंगल्याबरोबर शेजारच्या बाईला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगून, लुंगीसारखा गुंडाळलेला मुंडू सावरत तो पुढे गेला.

हवाईसुंदरीने हात आडवा केला. "सर, ही मुलगी आमच्या जबाबदारीवर आहे. आपण कोण?"

"आजोबा तिचा!"

"फॉर्मवर सोडणारी आजी आहे, घेणारी आई आहे. आजोबा कुठेच नाहीत."

"अहो, तिलाच विचारा!"

ती एव्लिनपाशी वाकली. "बाळ, यांना ओळखतेस?"

एव्लिनने लोनप्पनला नीट न्याहाळलं. "हो. हे लहान मुलांना पोचवतात."

"अस्सं!" हवाईसुंदरीचा चेहरा एकदम खुलला. "सर, मग जरा मदत करा ना. बाराव्या रांगेतल्या ताईंना बाथरूमला जायचंय." आणि लोनप्पन काही म्हणायच्या आत सहा महिन्यांचं एक गुटगुटीत बाळ त्याच्या हातात आलं.

बाळाने ताबडतोब भोकाड पसरलं. एरवी लोनप्पनने घाबरून "बाई, बाई" केलं असतं. पण पंधरा पोरं पोचवलेला माणूस तो. त्याने बाळ खांद्यावर टाकलं, पाठीवर थोपटलं आणि पाठ केलेल्या सातांपैकी पहिली गोष्ट आपोआप सुरू केली. बाळ चूप झालं.

एव्लिन ऐकत होती. कोल्हा विहिरीत पडल्यावर तिने पट्टा सोडला, हवाईसुंदरीच्या हाताखालून वाकून आली आणि त्याचा मुंडू ओढला.

"अप्पापा, तुम्ही सगळ्यांना सांगता गोष्टी?"

"तुझ्यासाठीच पाठ केल्या होत्या गं."

पोरगी विचारात पडली. मग गळ्यातलं ओळखपत्र काढून तिने हवाईसुंदरीच्या हातात दिलं.

"मला पाच नको. मी परत चारचीच होते. मग मला हे नेतील ना?"