मिडल सात वाजता

आमचा सुभाष मयतीच्या घरी गेला तरी पत्र्यावर टिचकी मारून बघतो. खोटं सांगत नाही. मागे कळमनुरीला चुलते वारले तेव्हा गेलो होतो. बायका रडत होत्या, माणसं खाली माना घालून बसली होती आणि हा कोपऱ्यातल्या धान्याच्या कोठीला कान लावून बसलेला. टिंग. थोडं थांबून परत टिंग. मी पदराआडून डोळे वटारले तर मलाच हाताने खूण केली, थांब म्हणून. बाहेर आल्यावर म्हणतो, "अक्का, त्या कोठीत काय घुमारा हाय. असाच पायजे मला." परतीच्या गाडीत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो शेजारी बसून बोटाने गुडघ्यावर टिंग टिंग करत आला. मी बोलत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं असेल असं मला वाटत नाही.

सुभाष माझा धाकटा भाऊ. आई-बाबा गेल्यापासून इथं आखाडा बाळापूरला माझ्याच घरी, पुढच्या खोलीत राहतो. बाजारात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी उकलायच्या आणि तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे त्याचं काम. हात फार चांगला आहे असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. त्यांच्या घरात तो गिटार वाजवत नाही.

गौतमभाऊंची गायन पार्टी आहे. जयंतीला, लग्नाला, गृहप्रवेशाला त्यांचा कार्यक्रम असतो. त्यात सुभाष आधी बेंजो वाजवायचा, मग नांदेडहून विजेवरची गिटार आणली. ती लाउडस्पीकरच्या मशीनला जोडून वाजवायचा तेव्हा आवाज मला बरा वाटायचा. त्याला वाटायचा नाही. "शेळी वरडल्यावानी येतो," म्हणायचा. गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकाची एक पट्टी असते. तिच्यावरची तार उकलून त्याने दुकानात पुन्हा गुंडाळली. एकदा नाही, चार वेळा. त्या आठवड्यात लोकांच्या मोटारी तशाच पडल्या आणि लोक माझ्या दारात येऊन ओरडून गेले.

मग लोडशेडिंगच्या दिवसांत तो डबा आला. हैद्राबादच्या कोण्या वादकाकडून जुना घेतलेला. पोळपाटाएवढा, वर बटणं, पुढे आकडा दाखवणारा लाल दिवा.

"अक्का, ह्याच्यात साठ अँप्लिफायर हायेत."

"कुठं हायेत?"

"आत. जगातले नावाजलेले मोठे मोठे अँप्लिफायर, त्यांचा आवाज नकली करून ह्याच्यात भरलाय. बटण फिरवलं की अँप्लिफायर बदलतो."

"मंग तुला पायजे तो आवाज ह्याच्यात हाय का?"

"असंल. हुडकावा लागंल."

त्या एका शब्दाने माझी चार वर्षं खाल्ली. सोयाबीन पेरून निघालं, हळद शिजून वाळून गेली, हा आपला हुडकतोय. डब्याला ऊन लागू नये म्हणून माझ्या लग्नातला शालू त्याच्यावर घातला. मला विचारलं नाही. माझी पितळी परात स्पीकरच्या मागे उभी केली. आठ दिवस मी ताटात पीठ मळलं. वीज यायची त्या मोजक्या तासांत मला मिक्सर लावायचा असायचा, आणि मिक्सर लावला की याची गिटार गुणगुणायची. मग आतून आवाज, "अक्का, बंद कर की ते." घर माझं, मिरच्या माझ्या, मिक्सर माझा.

आवाजाबद्दल तो पाहुण्यासारखं बोलतो. आमचे मालक शेतातून आले की सहज विचारतात, "काय सुभाष, आला का?"

"न्हाई दाजी. आज वेशीपर्यंत आलता. परत गेला."

दोघंही हसत नाहीत. मालक हातपाय धुवायला जातात. माझ्या घरात हे असं चालतं.

बरं, एकट्याने हुडकावा, तर तेही नाही. त्याचे हात गिटारीवर, म्हणून लिहायला मी. शंभर पानी वही आणली, पहिलं पान कोरं सोडलं. "आवाज आला की त्याच्यावर लिहायचं," म्हणाला. बटणाची रेघ कुठं आहे ते घड्याळाच्या काट्यासारखं सांगायचं ही त्याची पद्धत. मी चुलीपाशी भाकरी थापतेय आणि पुढच्या खोलीतून हुकूम येतोय: "लिही अक्का. गेन तीन वाजता. बास एक वाजता. ट्रेबल दोन वाजता. मिडल सात वाजता." मिडल म्हणजे जाड आणि बारीक यांच्या मधला आवाज; सात वाजता म्हणजे बटण पार डावीकडे, बंद. वहीभर मिडल सात वाजता आहे. बाकीची बटणं दिवसभर फिरायची, हे एक मेलं हलायचं नाही.

लिहून झालं की विचारायचा, "कसा हाय?"

मी सुटका व्हावी म्हणून म्हणायचे, "बोदा. गोधडीतून आल्यावानी."

तेच चुकायचं. तो दोन तास त्या बोदेपणाच्या मागे लागायचा. कधी रागाने म्हणायचे, करपला. कधी म्हणायचे, ताक फुटल्यासारखा झाला. तो मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बराबर. गेन जास्त झाला." मी त्याला बोलून घेतेय तर तो त्यातून शिकतोय. अशा माणसाशी भांडायचं कसं?

त्याचं लग्न नाही झालं, तेही यामुळंच. पुसेगावला पोरगी पाहायला गेलो होतो. चांगली शिकलेली, डोळ्यात हुशारी. तिच्या मामाने म्हटलं, विचारा पोरीला काही विचारायचं तर. सुभाषने विचारलं, "तुमचा टेप ह्या कोपऱ्यात कोणी ठेवला?" पोरगी म्हणाली, मी. हा म्हणाला, "भिंतीपासून वीतभर पुढं घ्या, बास सुधरंल." आणि उठून स्वतःच टेप सरकवायला लागला. पोहे तसेच राहिले. आठ दिवसांनी निरोप आला, पोरीला अजून शिकायचंय. सुभाष म्हणाला, "टेप सरकवला का विचारलं का तुमी?" त्यानंतर त्याने कुठली पोरगी पाहायला यायचं नाव काढलं नाही. माझ्यासमोर हसतो. पण पुसेगावच्या रस्त्याने गाडी गेली की खिडकीबाहेर बघत नाही, हे मी पाहिलंय.

खरी गंमत पुढेच आहे. घरात एकटाच वाजवत हा जे गोड गोड आवाज बनवायचा, ते स्टेजवर कोणाला ऐकूच यायचे नाहीत. ढोलकी ऐकू यायची, कीबोर्ड ऐकू यायचा, गौतमभाऊंचा गळा तर ऐकू यायचाच. गिटार मात्र पाण्यात साखर टाकावी तशी. लाउडस्पीकरवाले अन्वरभाई सगळ्यांसमोर म्हणायचे, "सुभाष, तेरा गिटार किधर है? मैं तो कबसे ढूंढ रहा हूँ." सुभाष घरी येऊन अन्वरभाईंच्या मशीनला शिव्या द्यायचा आणि आवाज आणखी जाड, आणखी गोड करायचा. पुढच्या वेळी तो आणखी गायब.

शेवटी गौतमभाऊ घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, "सुभाष, राग मानू नको. कीबोर्डात गिटारीचा आवाज हाय. आमचं भागतंय."

"ते नकली हाय भाऊ."

"आन तुह्या डब्यात काय हाय?"

सुभाषने डब्यावरचा शालू नीट केला. मीच म्हटलं होतं हे त्याला शंभर वेळा, पण गौतमभाऊंच्या तोंडून मला ते आवडलं नाही. भाऊ म्हणाले, "आपल्या गावच्या जयंतीला ये. तिथं बी ऐकू न्हाई आलं, तर मंग कीबोर्डावरच करू." त्या दिवशी सुभाष जेवला नाही. दुकानातही गेला नाही. आमच्या गावात त्याला या पार्टीशिवाय कुठंच बसायला जागा नाही. माणसांत बसला की त्याला बोलता येत नाही, फक्त वाजवता येतं.

आता एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. मी चौथीत होते तेव्हा जयंतीच्या मांडवात मला गाणं म्हणायला उभं केलं होतं. आईने शिकवलेलं. घरात मी ते म्हणूनच सुभाषला झोपवायचे. माझा आवाज जरा नाकातून येतो. मी दुसऱ्या कडव्यावर होते आणि सहा वर्षांचा सुभाष स्टेजसमोर नाक धरून माझ्यासारखं गायला लागला. सगळा मांडव हसला. त्या दिवसापासून मी पिपाणी झाले. शाळेत पिपाणी, विहिरीवर पिपाणी. पाचवीला मी गेलेच नाही. आई-बाबांनी पुष्कळ समजावलं. मी गाणंही म्हटलं नाही परत, लेकरांना झोपवतानाही नाही. सहा वर्षांच्या पोरावर कोणी इतकी वर्षं राग धरतं का? मी धरला. कोणाला बोलले नाही, पण धरला.

जयंतीच्या दिवशी दुपार उतरताना मैदानावर मशीनची तपासणी सुरू झाली. सुभाष डबा घेऊन गेला आणि डब्याला वीज द्यायचा चार्जर माझ्या पिठाच्या डब्यावर विसरून गेला. चार वर्षं जो माणूस आवाज हुडकतोय, तो चार्जर विसरतो. मी पदर घेतला आणि तरातरा निघाले. मैदानावर लोक येऊन बसले होते. चार्जर एका पोराच्या हाती स्टेजवर पाठवून बोरच्या हापशापाशी, बायकांच्या शेवटच्या ओळीत उभी राहिले.

गाणं सुरू झालं. सुभाषची बोटं चालताना दिसत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. बाजूची बाई म्हणाली, "हा नुसताच खाजवतोय का काय?" अन्वरभाईंनी मशीनपासून हात हलवला, गिटार येत नाही म्हणून. गौतमभाऊंनी गाणं थांबवलं आणि माईकवरच म्हणाले, "राहू दे सुभाष. ठेव खाली."

मला इतका राग आला की मी कुठं चाललेय ते मला कळलं नाही. पुरुषांच्या सतरंज्यांवरून चालत मी स्टेजपाशी गेले.

"मिडल चढव."

"तू घरी जा अक्का."

"शेवटल्या ओळीतून ऐकून आलेय मी. समदं ढोलकीत बुडालंय. गेन कमी कर, पार पीठ झालंय त्याचं. आन मिडल चढव."

"न्हाई."

"काहून न्हाई? चार वर्षं समदी बटणं फिरवलीस, हेच एक काहून फिरवीत न्हाईस?"

तो खाली डब्याकडे बघत राहिला. मग एवढं हळू बोलला की मला वाकावं लागलं. "ते चढवलं की नाकातून येतं. तू गायचीस तसं." त्याने गिटारीचा पट्टा सरळ केला. "लोक हसतील, अक्का."

मी त्याच्याकडे पाहिलं. कानशिलावर पांढरे केस आलेत त्याच्या. म्हणजे तोही विसरला नव्हता. एवढी वर्षं मी एकटीच ते धरून बसलेय असं मला वाटत होतं.

"हसू दे," मी म्हटलं. आणि हात पुढे करून बटण मीच फिरवलं. सातवरून दोनवर.

त्याने तार छेडली. गोड नव्हता तो आवाज. किनरा होता, जरा नाकातला. पण सरळ निघाला आणि मैदान ओलांडून बोरपाशी गेला. तिथल्या बायकांनी माना वर केल्या. अन्वरभाई मशीनवरून मान वर करून म्हणाले, "मिल गया." गौतमभाऊंनी ढोलकीवाल्याला खूण केली आणि गाणं पहिल्यापासून धरलं. कोणी हसलं नाही. मी कोपऱ्याकोपऱ्यात बघून घेतलं. मग घरी आले, भाकरी राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी झाडताना वही दिसली. पहिल्या पानावर त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: "अक्का. मिडल दोन वाजता." बाकी काही नाही. माफी नाही, काही नाही. मी वही मिटून होती तिथं ठेवली.

राग गेलेला नाही. शालू अजून डब्यावरच आहे, राग जाईल कसा? आणि आता त्याने नवीनच छळ मांडलाय. दुकानातून आला की मी पीठ मळत असते तेव्हा डबा लावतो आणि आईचं ते गाणं वाजवतो. नुसती सुरुवात. जिथून गळ्याने धरायचं असतं, तिथं येऊन थांबतो. माझ्याकडे बघत नाही. थोडा वेळ जाऊ देतो, परत पहिल्यापासून. रोज.

काल मालकांनी दारातूनच विचारलं, "काय सुभाष, आता कशाची वाट बघून राहिला? आवाज तर आला ना?"

तो तारांवर हात ठेवून म्हणाला, "एक राहिलाय दाजी. वेशीपर्यंत आलाय."

मी परात जोरात आदळली. माझे ओठ हलत होते, ते कोणाला दिसायला नको होतं.