न पडणारा दिग्विजय

तात्याराव भडकले होते, आणि या वेळी त्यांचा राग रास्त होता. धायरीतल्या त्यांच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर ते दर रविवारी स्वतःच्या कादंबरीचं एक प्रकरण लावत. नवव्या प्रकरणावर कुणीतरी टँकरच्या वेळा चिकटवल्या होत्या. नऊ आठवड्यांत एकाही माणसाने "पुढे काय झालं?" म्हणून विचारलं नव्हतं.

"बाबा, राग मानू नका," सून ऋतुजा म्हणाली, "पण तुमचा दिग्विजय सारखा जिंकतोच. कुस्ती जिंकतो, निवडणूक जिंकतो, साधी सर्दी होत नाही त्याला. टेन्शनच नाही ना! एकदा पाडा त्याला. आपटून उठणारा माणूस लोकांना आपला वाटतो."

"लोकांना मजा वाटावी म्हणून त्याने पडायचं? माझा नायक पडणार नाही!"

दहावं प्रकरण, डिंकाची बाटली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन तात्याराव तणतणत खाली उतरले. टँकरवाल्यांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचावर कागद लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तळमजल्यावरच्या आनंदीबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"अहो, त्या स्टुलाचा एक पाय आखूड दिसतोय."

"मला शिकवू नका!" म्हणून तात्याराव वर चढले, ते थेट फरशीवरच उतरले.

पाय दीड महिना प्लास्टरमध्ये गेला. सोसायटी लोटली. "कसे काय पडलात?" तात्याराव सांगू लागले. स्टुलाला मांजर धडकलं, असं त्यांनी ठोकून दिलं आणि आनंदीबाईंचा सल्ला तेवढा गाळला. लोक हातातला चहा निवला तरी ऐकत राहिले. "बाप रे! मग?"

कादंबरीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. काठी टेकत ते पहिल्यांदा फाटकापर्यंत गेले, तेव्हा तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दिग्विजय निवडणूक जिंकला तेव्हा कुठं गेले होते हे हात?"

त्याच तिरमिरीत त्यांनी अकरावं प्रकरण लिहिलं आणि दिग्विजयला स्टुलावरून दाणकन पाडलं.

रविवारी फलकापाशी चक्क गर्दी होती. आनंदीबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"छे! नाही पटत. मांजर धडकलं म्हणून एवढा पहिलवान पडतो?"

"मांजर नव्हतंच!" तात्याराव कडाडले. "पाय आखूड आहे म्हणून त्याला सांगितलं होतं. तरी चढला! राग डोक्यात गेला होता गाढवाच्या!"

आनंदीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"हां, आता पटलं," त्या म्हणाल्या. "मग? पुढे काय झालं त्याचं?"