सराव सामन्याचे निष्ठावंत प्रेक्षक

खेळाचा खरा शत्रू म्हणजे सामना. हे विधान धाडसी वाटेल, पण शांतपणे विचार केला तर पटेल. सामना म्हटला की समोर दुसरा संघ येतो. दुसरा संघ आला की तो जिंकण्याची शक्यता निर्माण होते, आणि ती एकदा निर्माण झाली की चाहत्याची झोप, पचन आणि घरातलं बोलणं या तिन्हींवर परिणाम होतो. सरावाचं तसं नाही. सरावात आपण आपल्याशीच खेळतो. म्हणून हंगाम सुरू होण्याआधीचे दिवस हाच खेळाचा सुवर्णकाळ होय, असा ठराव आमच्या मंडळाने संमत केला आहे (विरोधात एक मत पडलं, ते गृहस्थ पुढे पार शहराच्या टोकाला, मिसरोदला राहायला गेले).

मंडळाचं पूर्ण नाव ‘महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल सराव प्रेक्षक मंडळ, साकेत नगर, भोपाळ’. सभासद बहुतेक मराठी. काही ग्वाल्हेर-उज्जैनकडचे जुने, काही माझ्यासारखे बदलीवर आलेले आणि परत जायचं राहून गेलेले. अध्यक्ष नीळकंठराव मुळ्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या गच्चीवरून कॉलेजचं मैदान दिसतं, हा त्यांचा बास्केटबॉलचा अनुभव. गेल्या चार हंगामांत आमचा संघ आपसातल्या सामन्यांत शंभर टक्के विजयी राहिला आहे. (तितकेच टक्के तो हरलाही आहे, पण ती आकडेवारी कोणी मागवलेली नाही.)

सराव पाहण्याचं एक शास्त्र आहे. लाल संघाने बास्केट केला की टाळ्या वाजवायच्या. पिवळ्या संघाने केला की टाळ्या वाजवायच्या. बॉल नुसता बाहेर गेला तरी वाजवायला हरकत नाही, कारण तो आपलाच बॉल असतो. मी स्वभावाने शांत माणूस आहे, पण एकदा बॉल कडीला न लागता जाळीतून असा काही सुळकन खाली आला की मला राहवलं नाही. शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी कडकडून मिठी मारली. ते विजेचं मीटर बघायला आले होते. त्यांनीही मिठी सोडली नाही, आणि आता ते आमचे सहचिटणीस आहेत.

यंदाच्या हंगामात मात्र एक प्रश्न उभा राहिला. संघात बारा जागा. अकरा भरलेल्या. बाराव्या जागेसाठी आमच्याच इमारतीतली मेघा उभी होती. ती तीन वर्षं सकाळ-संध्याकाळ बॉल आपटत होती. खालच्या मजल्यावरच्यांनी आधी तक्रार केली, मग कापूस घेतला. प्रशिक्षक तिवारी सरांचं तिच्याबद्दल एकच म्हणणं होतं. मोकळ्या मैदानात पोरगी वाऱ्यासारखी पळते, पण समोर दोन जणी उभ्या राहिल्या की घाबरून बॉल मिळेल त्याला देऊन टाकते. एकदा तिने तो पंचांना दिला होता. तेव्हा आपसातल्या शेवटच्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं तिला खेळवायचं आणि लगेच निर्णय द्यायचा, असं ठरलं. नाही जमलं, तर बारावी जागा रिकामी ठेवायची. रिकामी जागा भरायची घाई करू नये, हे सरकारी कचेऱ्यांच्या भोपाळमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. कॉलेजचं हे मेघाचं शेवटचं वर्ष होतं.

याच सामन्यात संघाचा सत्कार करायचा, असं मंडळाने ठरवलं. सत्कार सामन्यांनंतर का नाही, असं कोणी विचारेल. सामन्यांनंतर परिस्थिती कशी असेल सांगता येत नाही. सत्कार कसा निर्मळ मनाने, काहीही घडण्याच्या आत उरकावा. चौथ्या डावाच्या आधी विश्रांती असते, ती वेळ मुक्रर झाली.

मेघा नीळकंठरावांच्या दारात येऊन उभी राहिली. “काका, प्लीज, सत्कार नंतर करा ना. मला लास्टची दहा मिनटंच भेटणार आहेत. सहा बजे ग्राउंड गरबावाल्यांना द्यायचंय, सर बोलले एक मिनट एक्स्ट्रा नाही मिळणार.”

“अगं, पाच मिनिटांचा कार्यक्रम,” नीळकंठराव म्हणाले. “आणि आम्ही तुझ्यासाठीच तर करतोय हे सगळं.”

“माझ्यासाठी करायचं असेल तर नका करू ना, काका!”

नीळकंठरावांनी प्रेमाने तिच्या हातावर पेढा ठेवला. आपल्याकडे चर्चा संपली, हे असं सांगतात.

सामन्याच्या दिवशी मैदानावर काय वातावरण होतं म्हणून सांगू! नीळकंठरावांच्या पत्नी मंजूषावहिनींनी पातेलंभर पोहे केले होते, वर शेव, शेजारी जलेबी. मुली इकडून तिकडे धावत होत्या, बूट करकरत होते, आम्ही बाकांवर उभे राहून ओरडत होतो. गुण कोणाचे किती, हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या अज्ञानात जो आनंद होता तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मंजूषावहिनी तर लाल संघाला “या, या!” आणि पिवळ्या संघाला “या गं, या!” म्हणत होत्या. मेघा बाकड्याच्या टोकाला बसून बुटांच्या नाड्या सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

तिसरा डाव संपला आणि मैदानात सोफा आला. माइकची वायर मधल्या वर्तुळापर्यंतच पोचत होती, म्हणून तो मधोमध ठेवला. त्याच्या पुढे टीपॉय, टीपॉयवर फुलदाणी, आणि दोन्ही बाजूंना मान्यवरांच्या खुर्च्या. प्रमुख पाहुणे मत्स्यपालन खात्यातले निवृत्त उपसंचालक गोविंदराव आठल्ये. (खेळाशी संबंधित व्यक्ती हवी होती. गोविंदराव सकाळी फिरताना अर्धी चड्डी घालतात.) आधी स्वागत झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत. अकरा मुलींना शाली पांघरवल्या. मुली घामाने निथळत होत्या, त्यामुळे शाली अंगाला छान चिकटून बसल्या. मेघाचं नाव अजून ठरलं नव्हतं, म्हणून तिला नुसता नारळ दिला.

गोविंदराव बोलायला उभे राहिले. पाण्यात मासा जसा, तसा मैदानात खेळाडू, असं म्हणून ते सावकाश पाण्याकडे वळले आणि तिथेच रमले. तलावातल्या ऑक्सिजनपर्यंत आले, तोवर फाटकाशी घागरे घातलेल्या मुली दांडिया घेऊन जमल्या होत्या. गरब्याच्या मुख्य बाईंनी घड्याळ दाखवलं. तिवारी सरांनी नीळकंठरावांना घड्याळ दाखवलं. नीळकंठरावांनी तिवारी सरांना हात जोडले आणि गुलाबाचं फूल दिलं.

मग मेघाने नारळ टीपॉयवर ठेवला आणि बॉल उचलला.

“सर, खेळू?” ती ओरडली.

तिवारी सरांनी एकदा सोफ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. म्हणाले, “खेल बेटा, जो होगा देख लेंगे,” आणि जोरात शिट्टी फुंकली.

पुढे जे झालं त्याला आमच्या इतिवृत्तात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं म्हटलं आहे. लाल संघाच्या मुली शालींसकट धावत सुटल्या. मेघा बॉल आपटत सरळ मान्यवरांच्या रांगेत शिरली. एका खुर्चीच्या डावीकडून, दुसऱ्या खुर्चीच्या उजवीकडून! सहचिटणीस उभे राहिले तशी ती त्यांच्या काखेखालून गेली. मंजूषावहिनी जलेबीचं ताट घेऊन आडव्या आल्या, तर पोरीने बॉल या हातातून त्या हातात घेतला आणि वहिनींभोवती गिरकी मारली. एक जलेबी पडली नाही! गोविंदराव “मत्स्यबीज” या शब्दावर थांबले, तेव्हा बॉल त्यांच्या आणि माइकच्या मधून निघून गेला होता. समोर पिवळ्या संघाच्या दोन जणी होत्या. तिने बॉल कोणालाही दिला नाही. उडी मारली, आणि बॉल जाळीत!

आम्ही नाचलो. खरंच नाचलो. मंजूषावहिनींनी नीळकंठरावांना धरून फेर घेतला, घागरेवाल्या मुलींनी दांडिया ठोकायला सुरुवात केली आणि गोविंदरावांनी स्वतःच्या अंगावरची शाल हवेत फेकली. मेघाने त्या गोंधळात आणखी तीन बास्केट केले. तिवारी सरांनी सोफ्यावर चढून बारावं नाव वाचलं. मेघा मटकन खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली. मी पुन्हा सहचिटणीसांना कडकडून मिठी मारली, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत या यशाचा आढावा घेण्यात आला. मान्यवरांनी मैदानाच्या मध्यभागी अविचल बसून संरक्षणाचा जो आदर्श घालून दिला, त्यामुळेच मेघाची निवड होऊ शकली, असं एकमताने नमूद झालं. पुढल्या वर्षी सोफे दोन ठेवायचे ठरले.

रविवारी जवाहर चौकाजवळच्या मैदानावर हंगामाचा पहिला सामना होता, बाहेरच्या संघाशी. प्रवेश सर्वांना खुला होता. मंडळाच्या परंपरेनुसार कोणी गेलं नाही.

सोमवारी मेघा जिन्यात भेटली. गुडघ्याला पट्टी होती. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही लोक एक पण नाही आले. पूरा स्टँड खाली होता.”

मला वाईट वाटलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिवारी सर पुढच्या वर्षीचा सराव कधी सुरू करणार आहेत, ते विचारलं.

ती वर गेली. सामना जिंकला की हरला, ती खेळली की नाही, पट्टी कशाने लागली, हे मला माहीत नाही. वाचकहो, तुमचंही आमच्या मंडळासारखंच झालं असावं, असा माझा अंदाज आहे. सोफ्यावरून तिचं नाव वाचलं गेलं तेव्हा तुम्हाला भरून आलं, मनातल्या मनात तुम्ही टाळ्याही वाजवल्या आणि गोष्ट इथेच संपली तर बरं, असं तुम्हाला वाटलं. रविवारचा सामना मी दोन ओळींत उरकला, आणि तुम्ही मला अडवलं नाहीत.