सासूबाईंची टिकटिक

"आठ दिवसांत आईंना इस्पितळात नेतो की नाही बघ!" किब्वानानं बायकोला ठणकावून सांगितलं.

आणि का सांगू नये? अख्ख्या मोरोगोरो शहरात त्याच्या हाताखालचे उंदीर नावाजलेले! मांजराएवढे ते उंदीर जमिनीतले सुरुंग वासानं हुडकत. उंदरानं बरोबर जागा दाखवली की किब्वाना हातातली डबी 'टिक' वाजवायचा आणि केळ्याचा तुकडा द्यायचा. टिक म्हणजे खाऊ! उंदीर शिकतो, तर सासूबाई का नाही?

सासूबाई म्वानाईदीबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. परवाच शेजाऱ्याच्या शेळीला "या, बसा" म्हणाल्या होत्या. पण इस्पितळाचं नाव काढलं की खाट घट्ट धरायच्या. "डोळ्याला सुरी? मेले तरी नाही!"

किब्वानानं बेतानं घेतलं. सासूबाई उंबऱ्याबाहेर आल्या, टिक! खोबऱ्याची वडी. बसथांब्यापर्यंत आल्या, टिक! वडी. पाचव्या दिवशी थेट इस्पितळाच्या फाटकापर्यंत!

"आता आत चला, आई."

"आत कशाला? वडी इथंच मिळते की!"

पुढं सात दिवस रोज फाटक, रोज वडी. सासूबाईंचं अंग भरलं, किब्वानाचं सुकलं!

मग शेजारी मयत झाली. बायका चटईवर माना खाली घालून बसलेल्या. मौलवींनी नाव लिहायला पेन काढून बटण दाबलं. टिक!

म्वानाईदीबाईंनी वडीसाठी आ वासला.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच चटई हसली! मयताची विधवासुद्धा!

बाई घरी आल्या त्या वणव्यासारख्या. "मेल्या, मला उंदीर केलंस? चारचौघींत?"

"आई, तुमच्या भल्यासाठीच..."

"गप! मी टिकटिकीवर चालणारी नाही! आणि भीतीवर तर मुळीच नाही! वडी फेक त्या कोंबड्यांना. मी जाते, माझ्या पायांनी!"

"कुठं?"

"इस्पितळात! कापू देत काय कापायचं ते!"

आणि खरंच गेल्या. किब्वानानं घाबरत पुढं केलेला हातसुद्धा त्यांनी झटकला. फाटकाशी पाय क्षणभर अडखळला. छत्री आपटून त्या आत शिरल्या.

तिसऱ्या दिवशी पट्टी सुटली. बाईंनी भिंत पाहिली, लेक पाहिली, डोळे भरून आले. मग लेकीशेजारी उभ्या माणसाकडं नजर गेली.

"हा कोण?"

"मी किब्वाना, आई. तुमचा जावई."

बाईंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि लेकीकडं वळल्या.

"झैनबू, मला लग्नाच्या आधीच का नाही गं आणलंस इथं?"