गुणगुणणारा जावई

दातांचे डॉक्टर संध्याकाळी लेकीला मागणी घालायला येणार, हे कळल्यापासून घड्याळजी गाल धरून बसले होते. दात दुखत नव्हता, तो डॉक्टरांनी केव्हाच बरा केला होता. पण दाढ कोरायचं यंत्र सुरू करण्याआधी डॉक्टर नाकातल्या नाकात गुणगुणायचे आणि त्यापुढचं सगळं घड्याळजींच्या हाडात मुरलं होतं.

डॉक्टर आले, अवघडून बसले आणि सवयीने गुणगुणले. घड्याळजींची मान आपोआप मागे गेली, खुर्चीचे हात घट्ट धरले गेले आणि तोंडाचा आ झाला.

"अहो, जावई बघायला बसलाय ना? दाढा कसल्या दाखवताय?" बायको कुजबुजली.

त्या तोंडाने होकार कुठून निघणार? डॉक्टर नुसतं पाणी पिऊन परतले. मुलगा लाखात एक आहे, पण ही गुणगुण जन्मभर घरात ऐकायची तर माझं काही खरं नाही, असं घड्याळजींनी लेकीला सांगून टाकलं. तिचे डोळे भरले. पण ती लोकांच्या कुत्र्यांना शिकवायची. इतक्यात हार मानणारी नव्हती.

"बाबा, आवाजाला भिणारी कुत्री मी ताळ्यावर आणते. तुम्ही तर माणूस आहात."

तिच्या आईने नवऱ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

मग रोज डॉक्टर दाराआडून गुणगुणायचे आणि लगेच लेक बाबांच्या तोंडात केकचा तुकडा घालायची. सुरुवातीला घास घशाखाली उतरेना. हळूहळू उतरला. पुढे तर नुसत्या गुणगुणीने तोंडाला पाणी सुटू लागलं. लेकीचा जीव भांड्यात पडला.

मात्र एवढ्या केकने दुसरी दाढ कुरकुरू लागली. घड्याळजी दवाखान्यात गेले. होणाऱ्या सासऱ्याची दाढ म्हणून डॉक्टरच धास्तावले होते. धीर यावा म्हणून ते गुणगुणले आणि बोट आत घातलं. घड्याळजींनी डोळे मिटले आणि मनापासून चावा घेतला.

संध्याकाळी डॉक्टर बोटाला पट्टी बांधून आले. ओशाळलेल्या घड्याळजींनी होकार द्यायला तोंड उघडलं, तर डॉक्टर दोन्ही हात पाठीमागे लपवून थेट भिंतीला टेकले. घड्याळजींनी तोंड मिटलं, डॉक्टर सावरले. पुन्हा उघडलं, डॉक्टर पांढरेफटक. लेक कपाळाला हात लावून खाली बसली.

घड्याळजींना ती भीती चांगलीच ओळखीची होती. ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा, जावईबापू," दात न दाखवता ते हळूच म्हणाले. "अजिबात दुखणार नाही."