निचऱ्याचा पाईप

"आज? म्हणजे आज दुपारी?" नागेशने फोन ठेवला आणि खिडकीतून बागेकडे पाहिलं.

हिरवळीच्या मधोमध तुळशीचा ओटा उभा होता. काँक्रीटचा. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले त्याचे सासरे दत्ताजी जर्मनीत गार्चिंगला लेकीकडे आले, दोन दिवसांत कंटाळले आणि जावई ऑफिसात असताना त्यांनी तो बांधून टाकला. घर भाड्याचं होतं. घरमालकीण फ्राऊ केस्लर आज कॉफीला येणार होत्या आणि करार वाढवायचा की घर रिकामं करून घ्यायचं, हे बाग बघून ठरवणार होत्या. "बाग दिली होती तशीच आहे ना?" असं त्यांनी आत्ता फोनवर विचारलं आणि नागेश "गेनाऊ", अगदी तशीच, म्हणून बसला.

"ड्रिल मशीन काढ," नंदिनी म्हणाली.

"रविवार आहे. रुहेत्साइट. आवाज करायला बंदी. मागे रविवारी एक खिळा ठोकला, तर हेर शुल्ट्सनी केवढी तक्रार केली होती!"

शेजारचे हेर शुल्ट्स कुंपणापलीकडे आरामखुर्चीत पहुडले होते. डोळे मिटलेले. कानांचं कुणी सांगावं?

उरली छिन्नी, हातोडा आणि गाडीचा जॅक. नागेशने छिन्नीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला.

"नागेशराव, उगाच घाम गाळू नका," दत्ताजी म्हणाले. "पुलाचं प्रमाण वापरलंय मी. शंभर वर्षं हे काँक्रीट—"

ठप्.

ओट्याचा बिस्किटासारखा भुगा झाला.

नंदिनीने वडिलांकडे पाहायचं टाळलं. दत्ताजी आभाळाकडे बघत होते.

"इथलं सिमेंट," ते म्हणाले.

भुगा सारला, तर खाली करडा, दगडासारखा थर. ठप्. छिन्नी उडून गवतात पडली. दत्ताजींचा चेहरा एकदम उजळला.

"हा! हा माझा पाया!"

"पाया कधी घातलात, बाबा?"

"पायाशिवाय ओटा उभा राहतो का? मारा आता. बघू!"

नागेशने कडेची माती उकरली, जॅक आत सरकवला, पाया एका बाजूने उचलला. खालचा आधार सुटला की काँक्रीटला ठप् तडा जा ठप् जातो म्हणे ठप् जायला हवा होता. गेला नाही. तळहातांना फोड आले, टॉवेलच्या चिंध्या झाल्या. दत्ताजी मात्र घावागणिक तरुण होत होते.

"काय हो, हलतोय का? नाही ना हलत!"

"बाबा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?" नंदिनी कुजबुजली.

ठप्. ठप्. ठ

हेर शुल्ट्स कुशीवर वळले.

(

)

हेर शुल्ट्स घोरू लागले. प्. 

मग छिन्नी लोखंडावर घासली. काँक्रीटच्या मधोमध एक पाईप उभा रुतलेला.

"हा कशाला, बाबा?"

दत्ताजींनी पाईपावर टिचकी मारून पाहिली. "निचऱ्याला. तुळशीच्या मुळाशी पाणी साचून चालत नाही."

"गेल्या आठवड्यातला पाईप एवढा गंजला?"

"इथली हवा."

अखेर तडा गेला. तुकडे डिकीत गेले. नागेश खड्ड्यात माती लोटत होता, तेवढ्यात बेल वाजली.

फ्राऊ केस्लर काखेत एक लांबलचक खोका घेऊन थेट बागेत आल्या. खोक्यातून कपडे वाळत घालायची दांडी निघाली, छत्रीसारखी उघडणारी. त्या बोलत राहिल्या, नंदिनी बाबांना मराठीत सांगत राहिली.

"आपण कपडे घरात वाळवतो ना, त्याने भिंतींना ओल धरते, म्हणून ही भेट. ही रोवायला इथे गवताखाली पाया आहे म्हणतात. त्यांच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने घातलेला. मध्ये लोखंडी..."

नंदिनी थांबली. सगळ्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. फ्राऊ केस्लरनीही.

नागेश सावकाश सासऱ्यांकडे वळला.

"तरीच," दत्ताजी पुटपुटले, "मघापासून काम जरा परकं वाटत होतं."

फ्राऊ केस्लर खड्ड्याच्या काठाशी वाकून आत डोकावल्या. मग हातातली दांडी गवतावर ठेवून हळूच काहीतरी बोलल्या.

"पाया होता तसा परत घालून द्या, मग करारावर सही करते म्हणतात," नंदिनीने सांगितलं. "घालणार कोण, असं विचारतायत."

दत्ताजींनी बाह्या सरसावल्या. "सांग त्यांना, मी आहे ना!"

"नाही!" नागेश ओरडला.

दिवसभर छिन्नीने जे केलं नव्हतं, ते त्या एका शब्दाने केलं. कुंपणापलीकडे हेर शुल्ट्स उठून उभे राहिले होते.